काउंटरच्या आतली बाजू

बारमध्ये कामाला लागले त्या संध्याकाळी पहिला मोठा घोळ घातला तो बर्फाचा. गर्दी वाढली होती, बर्फाचा डाव हाताशी नव्हता, म्हणून हातातला ग्लासच पेटीत खुपसला. टक् असा आवाज झाला आणि ग्लासाच्या कडेचा नखाएवढा टवका गेला. काचही पाण्यासारखी, बर्फही पाण्यासारखा, शोधणार कशी? माझ्यासोबत काउंटरवर जी बाई होती तिनं एक अक्षर न बोलता डाळिंबाच्या लाल सिरपची बाटली उचलली आणि पेटीभर ओतली. मला वाटलं, रागावली. नंतर कळलं, काच पडलेल्या बर्फाला रंग देतात तो कुणी चुकून त्यातला खडा उचलू नये म्हणून. मग पेटी रिकामी केली, गरम पाण्यानं धुतली, पुसली, पुन्हा भरली. ऐन गर्दीत वीस मिनिटं काम बंद.

याला आता सोळा वर्षं झाली. माझ्या हाताखाली नव्या मुली येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, कॉकटेल कधी शिकवणार?" कॉकटेल शेवटी, बायांनो. त्याआधी जे लागतं ते इथे लिहिते आहे.

कामाच्या नावापासूनच अडचण आहे. 'बारबाला' म्हटलं की लोकांना पेपरातली वेगळीच बातमी आठवते आणि 'बारटेंडर' म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. मी कित्येक वर्षं नातेवाइकांत "हॉटेल लाइनमध्ये आहे" एवढंच सांगत होते. तूही तसंच सांगितलंस तर मी नावं ठेवणार नाही.

नोकरी धरण्याआधी

मुलाखतीत पगार, सुट्टी, शिफ्ट हे सगळं विचारशीलच. त्याशिवाय आणखी एक गोष्ट विचार, आणि उत्तर देताना समोरच्याचं तोंड बघ: "मी एखाद्या गिऱ्हाइकाला आणखी दारू द्यायला नकार दिला, तर तुम्ही काय कराल?"

जो म्हणेल, "तू नाही म्हटलंस की मीही नाहीच म्हणणार", तिथे राहा. जो हसून "तेवढं सांभाळून घ्यायचं असतं" म्हणेल, तिथून चहा पिऊन निघ. मी एका ठिकाणी हे न विचारताच लागले होते. एका रात्री नीट उभंही राहता येत नसलेल्या माणसाला मी नाही म्हटलं, तर मॅनेजर स्वतः आत आला, माझ्यासमोर पेग भरला आणि त्याच्या हातात दिला. त्यानंतर त्या काउंटरवर माझ्या शब्दाला किंमत उरली नाही. रोजच्या मंडळींनी ते बघितलं होतं ना. आठवड्यात सोडलं.

दुसरं विचारायचं ते रात्री घरी कसं जायचं याचं. गाडीची सोय आहे का, आणि ती फक्त तोंडी आहे का. कपड्यांबद्दल 'नियम' असतील तर तेही आधीच ऐकून घे. पुरुषांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तुला काही वेगळंच असेल, तर ते तुला कशासाठी घेताहेत हे त्यातूनच कळतं.

पाय, हात, बाटल्या

बूट बंद हवेत, तळ न घसरणारा. काउंटरमागची जमीन रात्री नऊनंतर कधीच कोरडी नसते. केस बांध, अंगठ्या काढ, नखं कापून ठेव. कुणाच्या पाठीमागून जाताना "मागे!" असं मोठ्यानं म्हणायचं, लाजायचं नाही. ज्याच्या हातात सुरी असते त्याला दचकवलंस तर रक्त निघतं.

हातांचं कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. दिवसभर ओले हात, लिंबाचा रस, ग्लास धुवायचं रसायन. बोटांच्या बेचक्यातली कातडी फुटते. धुताना हातमोजे घाल, निघताना मलम लाव. आणि लिंबू पिळलेल्या हातानं उन्हात जाऊ नकोस. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात कातडी अक्षरशः भाजतात. फोड येतात, मग काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. मी एकदा दुपारी उघड्यावरच्या काउंटरला दीडेकशे लिंबं पिळली होती. दुसऱ्या दिवशी हात बघून आईला वाटलं, उकळतं तेल सांडलं.

बाटल्यांच्या जागा डोळे मिटून पाठ हव्यात. रिकाम्या वेळी खरंच डोळे मिटून हात घालून बघ. वापरलेली बाटली जिथून काढली तिथेच, लेबल समोर करून ठेवायची. हे टापटिपीसाठी नसतं. तू समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत असताना तुझा हात आपोआप योग्य बाटलीवर जायला हवा, त्यासाठी असतं. बाटली शोधायला तू वळलीस की काउंटरवर काय चाललंय ते तुला दिसत नाही.

माप

मोजण्याचा छोटा कप असतो, त्याला जिगर म्हणतात. एका तोंडाला ३० मिली, दुसऱ्या तोंडाला ६०. सुरुवातीचं वर्षभर त्याच्याशिवाय एक थेंब ओतू नकोस. मनात आकडे मोजत सरळ बाटलीतून ओतणारे उस्ताद असतात, दिसतातही झकास. पण तेसुद्धा थकले की हात सैल पडतो. घरी पाण्यानं सराव कर: बाटलीला ओतायची चोच लाव, डोळ्यांनी ३० ओत, मग जिगरनं मोज. आपला हात किती खोटं बोलतो ते कळेल.

मापाचं प्रकरण फार जुनं आहे. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांत, म्हणजे इ.स.पू. १७५०च्या सुमाराला, दारूचा गुत्ता चालवणारी बाईच गृहीत धरलेली आहे. १०८वं कलम सांगतं की तिनं दारूच्या बदल्यात धान्य न घेता जास्तीची चांदी उकळली, धान्याच्या मानानं दारू कमी दिली, तर तिला पाण्यात फेकावं. त्यापुढचं कलम आणखी भारी: गुत्त्यात कट शिजत असेल आणि तिनं कटवाल्यांना पकडून राजवाड्यावर नेलं नाही, तर मृत्युदंड. म्हणजे पावणेचार हजार वर्षांपूर्वीही ओतायचं तिनंच, आणि गिऱ्हाइकांवर नजर ठेवायची जबाबदारीही तिचीच.

आता डोक्यात ठेवायचा हिशेब. ४० टक्के मद्यार्काच्या ३० मिली पेगमध्ये शुद्ध मद्यार्क साधारण साडेनऊ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम. १२ टक्क्यांच्या १५० मिली वाइनमध्ये १४ ग्रॅमच्या आसपास. "मी काय, फक्त बिअरच घेतोय" म्हणणारा चौथी बाटली मागतो तेव्हा त्याच्या पोटात चार लहान पेगांहून जास्त गेलेलं असतं. यकृत हे काम आपल्याच गतीनं करतं. ढोबळमानानं तासाला एका लहान पेगाएवढं. काळी कॉफी, गार पाण्याचे हबके, उलटी, मोकळी हवा, यांतल्या कशानंही ती गती वाढत नाही. कॉफीनं झिंगलेला माणूस जागा झिंगलेला होतो, एवढंच. शिवाय शेवटचा घोट गेल्यावरही रक्तातलं प्रमाण आणखी काही वेळ चढतच राहतं. तू बघतेस तो माणूस अर्ध्या तासापूर्वीच्या दारूचा असतो.

हा हिशेब तुलाही लागू. सारख्या वजनाच्या बाई आणि पुरुषानं सारखी दारू घेतली तर बाईच्या रक्तात प्रमाण जास्त जातं, कारण शरीरात पाण्याचा अंश कमी. "माझ्याकडून एक तुम्हाला" असं म्हणणारे रोज भेटतील. मी टॉनिक, भरपूर बर्फ, लिंबाची चकती घेते आणि ग्लास उंचावते. कामावर दारू नाही. सोळा वर्षांत हा नियम मी दोनदा मोडला, दोन्ही वेळा गल्ल्यात घोळ झाला.

बिअर, शेकर वगैरे

बिअरचा ग्लास नळाखाली तिरका धरायचा, पाऊण भरला की सरळ करायचा, वर दोन बोटं फेस. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवायचं नाही. फेस पटकन बसला, किंवा ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर ग्लास तेलकट आहे. लिपस्टिकचा डाग यंत्रात जात नाही, हातानंच घासावा लागतो.

लिंबू, फळांचा रस, साय यांतलं काही असेल तर शेकरमध्ये हलवायचं, दहा-पंधरा सेकंद, जोरात. नुसती मद्यंच असतील तर लांब चमच्यानं ढवळायचं, अर्धं मिनिट, आवाज न करता. दोन्हीकडे बर्फाचं काम फक्त गार करण्याचं नाही. तयार पेयात जवळजवळ पाव हिस्सा वितळलेलं पाणी असतं आणि ते असायलाच हवं. म्हणून बर्फ ओलसर, अर्धवट वितळलेला वापरलास तर चव पाणचट होते. शेकरची दोन तोंडं गारव्यानं एकमेकांत घट्ट बसतात. उघडताना मनगट पिरगळू नकोस, कडेला तळहाताच्या टाचेनं एक टपली मार.

आणि सोडा शेकरमध्ये घालायचा नाही. कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी घातला होता. झाकण छताला, उरलेलं एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर. सज्जन होता, चष्मा पुसून म्हणाला, "हे बिलात लावू नका."

याउप्पर कृती वहीत लिहून पाठ कर, त्यात फार काही नाही. सुरुवात करायची असेल तर हँकी पँकी या कॉकटेलनं कर. जिन आणि गोड व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) सारखी, वर फर्नेट-ब्रँका या कडू इटालियन मद्याचे दोन शिंतोडे, ढवळायचं, संत्र्याची साल वर पिळायची. ही कृती एडा कोलमन या बाईची. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये ती १९०३ साली आली आणि वीस-बावीस वर्षं तिथे मुख्य होती. एका दमलेल्या नटानं "काहीतरी ठसक्याचं दे" म्हटलं, म्हणून तिनं हे बनवलं. तेव्हा तिच्याकडे यूट्यूब नव्हतं.

नाही म्हणायचं ते

इथे मी रेंगाळणार आहे, कारण मुली या एकाच जागी अडखळतात.

चढल्याची लक्षणं पुस्तकात असतात: डोळे लाल, जीभ जड. तोवर उशीर झालेला असतो. त्याआधीची बघ. आवाज एक पट्टी वर जातो. तोच किस्सा दुसऱ्यांदा येतो. नोटा मोजताना पुन्हा पहिल्यापासून मोजतो. ग्लास ठेवताना काउंटरचा अंदाज चुकतो, टक् असा आवाज होतो. पिण्याचा वेग अचानक वाढतो. गप्प माणूस बोलका होतो, आणि याहून वाईट म्हणजे बोलका माणूस एकदम गप्प होतो. हे दिसलं की तिथेच वेग तोडायचा: न मागता पाण्याचा मोठा ग्लास पुढे कर, खायला काय आणू विचार, पुढचं पेय आणायला मुद्दाम उशीर लाव. दहातल्या सात वेळा एवढ्यावर भागतं.

उरलेल्या तीन वेळा तोंडानं सांगावं लागतं. "तुम्हाला चढलीय" हे शब्द जन्मात वापरू नकोस. त्याला चढलेली नाही हे सिद्ध करायला तो रात्रभर थांबेल. "आज माझ्याकडून एवढंच. पाणी आणि जेवण हवं तेवढं," असं म्हण. कारण देऊ नकोस. दिलेल्या कारणाशी माणूस भांडू शकतो. आवाज खाली आण, तो जितका चढवेल तितका तू उतरव. मित्रांसमोर सांगायचं नाही. बाजूला झुकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं. सोबत कुणी शुद्धीत असेल तर आधी त्याला गाठ, निम्मं काम तो करतो. सांगताना हातात बाटली किंवा रिकामा ग्लास ठेवू नकोस, आणि त्याच्या अंगाला हात लावू नकोस, समजूत घालतानासुद्धा. सांगून झालं की दुसऱ्या टोकाला काहीतरी पुसायला निघून जा. उभी राहिलीस तर वाटाघाटी सुरू होतात.

आणि लगेच सगळ्या सहकाऱ्यांना सांग, आमच्याकडे त्यासाठी एक साधा शब्द ठरलेला आहे. नाहीतर तो दुसऱ्या टोकाच्या नव्या पोराकडून पेग घेऊन तुझ्याकडे बघून ग्लास उंचावतो. गाडीची किल्ली दिसली तर टॅक्सी बोलाव, येईपर्यंत बसव. शिवी खावी लागली तर खा. दुसऱ्या दिवशी हेच लोक येतात आणि नजर चुकवून "काल जरा..." म्हणतात. तेव्हा "काल काय?" म्हणायचं आणि नेहमीचं पेय पुढे ठेवायचं.

दुसरं 'नाही' स्वतःसाठीचं. नंबर मागतात, किती वाजता सुटतेस विचारतात, सुटे पैसे घेताना बोटं धरून ठेवतात. पैसे हातात देऊच नकोस, ट्रेमध्ये ठेव. माझ्या बॅजवरचं नाव माझं नाही, कधीच नव्हतं. कुठे राहतेस याला माझं उत्तर "लांब". हसायचं किती हेही मापात. गोड बोलणं हा कामाचा भाग आहे हे मला मान्य, त्याचे टिपमध्ये पैसे होतात हेही खरं. पण ज्याला मी सोमवारी जरा जास्त हसले तो शुक्रवारी ते हसू उधारीसारखं मागायला येतो, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. सगळ्यांना सारखंच हस. कुणी मर्यादा सोडली तर एकदा स्पष्ट सांग, दुसऱ्यांदा मॅनेजरला बोलाव, आणि तारीख-वेळ वहीत लिही. ती वही माझ्या एकदा फार कामाला आली.

एकट्या बसलेल्या बायकांवर थोडं जास्त लक्ष ठेव. कुणी ग्लास सोडून स्वच्छतागृहात गेली तर तिचा ग्लास काउंटरच्या आत घे किंवा वर झाकण ठेव. दुसऱ्यानं तिच्यासाठी मागवलेलं पेय त्याच्या हातात न देता तू स्वतः तिच्यापर्यंत ने आणि "हे त्यांनी पाठवलंय, हवंय का?" असं तिलाच विचार. इंग्लंडमध्ये लिंकनशायरला २०१६ साली एक युक्ती सुरू झाली, 'आस्क फॉर अँजेला'. सोबतच्या माणसाची भीती वाटली तर बाईनं काउंटरवर येऊन "अँजेला आहे का?" विचारायचं, बारमधले लोक तिला आत घेतात, टॅक्सी बोलावून देतात. बायकांच्या स्वच्छतागृहात तसा कागद लावायला काहीच लागत नाही. लावलास तर मात्र कामावरच्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत हवा. एका नव्या वेटरनं "अँजेला आज सुट्टीवर आहे" असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय.

उलट, तोंड बंद ठेवण्याचंही काम आहे. रोजच्या माणसाचं पेय लक्षात ठेव, पण तो कुणासोबत आला तर तू त्याला आज पहिल्यांदा बघते आहेस. "काल लवकर गेलात" या तीन शब्दांनी माझ्यासमोर एक साखरपुडा मोडलाय. शब्द माझे होते.

'बायकांचं काम नाही' म्हणणाऱ्यांना

असे भेटतीलच, त्यासाठी दोन सालं पाठ ठेव. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मिशिगनचा एक कायदा उचलून धरला: मोठ्या शहरांत बाईला बारटेंडरचा परवाना नाही, मालकाची बायको किंवा मुलगी असेल तरच. म्हणजे बाई चालते, फक्त ती कुणाची तरी हवी. आणि २००७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया या खटल्यात पंजाब अबकारी कायदा, १९१४ मधलं ३०वं कलम रद्द ठरवलं. जिथे लोक दारू पितात तिथे बायकांना कामावर ठेवायला त्या कलमानं मनाई होती. कारण काय, तर त्यांची सुरक्षितता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की सुरक्षितता द्यायची तर ती द्या, नोकरी काढून घेऊ नका. हे सांगितल्यावर वाद संपत नाही. पण समोरचा थोडा वेळ ग्लासाकडे बघत बसतो, तेवढ्यात तुझं काम होतं.

बंद करताना

शेवटची ऑर्डर अर्ध्या तासाआधी पुकार, आणि दिवे एकदम लावू नकोस, टप्प्याटप्प्यानं वाढव. टिप त्याच रात्री, सगळ्यांसमोर मोजून वाटायची. उद्यावर गेलेल्या टिपेवरून मैत्रिणी तुटतात. गल्ला दोघींनी मोजायचा. मागच्या दारानं एकटीनं बाहेर पडायचं नाही, मग कितीही झोप येवो. बाहेर कोण थांबलंय हे आधी आतून बघायचं.

नळांची तोंडं धू, रबरी चटया उचलून उभ्या कर, बर्फाची पेटी रिकामी कर, उरलेला बर्फ मोरीत. पेटी कोरडी पुस. डाव पेटीच्या आत टाकायचा नाही, बाहेर खुंटीला अडकवायचा, म्हणजे उद्या गर्दीत शोधावा लागत नाही.